ठाकुमाचा दात

कृष्णनगरात निरुपम गुहठाकुरतांचा फोटो स्टुडिओ होता. त्याच्या दर्शनी काचेत एकच मोठा फोटो लावलेला. त्यांच्या लेकीचा, शर्बाणीचा. हसरा चेहरा आणि डावीकडे दातावर चढलेला दात. बंगाल्यांना अशा दाताचं भारी कौतुक! त्यात हा तर ठाकुमाचा, म्हणजे तिच्या वारलेल्या आजीचा, जशाच्या तसा उतरलेला. शाळेतल्या तपासणीत दातांच्या डॉक्टरीणबाईंनी 'तारा लावून घ्या' असं लिहून दिलं, तेव्हा निरुपमबाबूंनी ती चिठ्ठी खणात कोंबली. "आमच्या घराण्याची खूण आहे ती. उद्या नाकही बदला म्हणतील!"

याला दोन वर्षं झाली. नववर्षाच्या जेवणाला घरी पाहुणे जमले होते. चौदा वर्षांच्या शर्बाणीने इलिश माशाची वाटी हळूच बाजूला सरकवली.

"बंगाल्याची पोर आणि मासा नको?" बाबू सगळ्यांदेखत कडाडले. "नखरे पुरे! खा गुमान."

पोरीने मान खाली घालून घास घेतला आणि लगेच उठून धावली. बाबू चरफडत मागे गेले, तर पांढरं बेसिन रक्ताने लाल!

दाताच्या फटीत काटा रुतला होता. शाळेत आलेल्या त्याच डॉक्टर, दीपान्विता सोम, यांनी तो काढला. आत हिरडीत पू झाला होता.

"कधीपासून दुखतंय गं?"

"दोन वर्षं. मी एकाच बाजूने चावते."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?" बाबू कळवळले.

"तूच म्हणतोस ना, तो ठाकुमाचा दात आहे. ठाकुमा दुखते, असं कसं सांगू बाबा?"



"बाबू, तारा काही नटायला नसतात," डॉक्टर म्हणाल्या. "दात एकमेकांवर चढले की फटीत अन्न अडकतं, ब्रश तिथे नीट पोचत नाही. मग हिरड्या सुजतात, दात किडतात. एकाच बाजूने चावून जबडाही दुखायला लागतो. तुमच्या आईंचे दात शेवटपर्यंत टिकले होते?"

बाबूंना आई आठवली. पन्नाशीतच आईचं तोंड बोळकं झालं होतं. भात कुस्करून गिळायची, हसताना तोंडाला पदर लावायची. जन्मभर लोकांचे चेहरे टिपणाऱ्या या माणसाने त्या पदराआड काय आहे ते कधी पाहिलंच नव्हतं! आणि समोर लेक तोंडावर रुमाल दाबून बसली होती, अगदी तश्शीच. शरमेने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चुकलो गं, माझे आई!" एवढंच ते बोलू शकले.

हिरडी बरी झाली, तारा लागल्या. काचेतला जुना फोटो उतरवून बाबूंनी तारांसकट हसणाऱ्या शर्बाणीचा नवा फोटो लावला. गिऱ्हाईकं हळहळत, "अहो, इतका गोड दात, काय केलंत हे?" दर वेळी बाबूंचे कान तापत. तरी ते सांगत, "दोन वर्षांपूर्वी करायला हवं होतं, ते आत्ता केलं. तोवर ती सोसत होती आणि मी मिरवत होतो."

मंडळी, लेकरांच्या हसण्याचं कौतुक जरूर करा. पण त्याआधी एकदा जवळ बसवून विचारा, "बाळा, दुखत तर नाही ना?"