उसना पसारा

"चादरीला हात लावलात तर बघा काका, सांगून ठेवते," असं म्हणत वकीलीणबाईंनी घडी घातलेली चादर विस्कटून पुन्हा पलंगावर फेकली.

काकांनी हात मागे घेतले. बाई खिडकीकडे वळल्या तसं त्यांनी चादरीचं एक टोक दुसऱ्याला हळूच जुळवलं.

बाईंकडे वकिलीची सनद वगैरे काही नव्हती. दुकानांच्या ओट्यांवर आणि पुलाखाली झोपणाऱ्यांसाठी त्या दिसेल त्या साहेबाशी भांडायच्या, म्हणून त्या लोकांनीच त्यांना ही पदवी बहाल करून टाकली होती. काकांच्या या खोलीसाठी त्यांनी कचेऱ्यांचे उंबरठे इतके झिजवले होते, की लांबून त्यांना बघितलं तरी शिपाई म्हणायचा, "साहेब जेवायला गेलेत."

आणि आता मिळालेली खोली हातची जायची वेळ आली होती. गेल्या महिन्यात कचेरीतून तपासनीस आला तेव्हा काका बाहेर गेले होते. दार सताड उघडं, चादरीची घडी, मोरी कोरडी ठणठणीत, भिंतीला ना खिळा ना दोरी. इथे कोणी राहत नाही, असं ठरवून तो निघून गेला. आज तो पुन्हा येणार होता. आजही तेच दिसलं, तर खोली दुसऱ्याला जाणार होती.

"अहो, राहता तर राहताय असं दिसू द्या की जरा," बाई वैतागून म्हणाल्या. "कप विसळला की पिशवीत, पिशवी लगेच काखेत. कुठली गाडी पकडायचीय तुम्हाला?"

"शटर वर जायच्या आत आवरायचं, मागे कागदाचा कपटासुद्धा ठेवायचा नाही. तुम्हीच सांगितलं होतं ना ताई?"

"ते ओट्यावरचं होतं हो."

"म्हणून तर तिथून मला कधी कुणी हाकललं नाही," काका म्हणाले. त्यांना त्याचा अभिमान होता.

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. ओट्यावरच्या बाकी सगळ्यांना त्या काकांचंच उदाहरण द्यायच्या. माणूस असावा तर असा, रात्रभर झोपला तरी सकाळी पत्ता लागत नाही. त्या कौतुकाची आता त्यांना लाज वाटत होती.

त्यांनी घरून दोन पिशव्या भरून पसारा आणला होता. "स्वतःच्या घरातला आवरायला वेळ नाही, आणि दुसऱ्याकडे घालायला निघालीस," असं नवरा म्हणाला होता, आणि वर पिशव्या जिन्याखाली आणूनही दिल्या होत्या. टवका उडालेला मग, जुनं कॅलेंडर, दात पडलेला कंगवा, पलंगाखाली चपला. खोली कशी अगदी घरासारखी दिसायला लागली.

जिन्यात बूट वाजले. काका ताडकन उठले, पिशवी काखेत मारली आणि दाराशेजारच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"तुम्हीच राहता का इथे?" तपासनिसाने विचारलं.

"निघालोच साहेब," काका म्हणाले.

बाईंनी डोळे मिटले.

"बाई, आता मी पुढे काय विचारू?" तपासनीस म्हणाला.

"साहेब, बूट दिसले की त्यांच्या तोंडून तेच निघतं. जन्मभर तेच म्हणत आलेत ते. त्याला काय उत्तर धरायचं?"

"आणि या चपला यांच्या का?" त्याने पलंगाखाली बोट दाखवलं. चपलांवर मोती लावलेली फुलं होती.

साऱ्या कचेऱ्यांना पुरून उरलेल्या बाई स्वतःच वाकून बघायला लागल्या. घाईघाईत आपण घरून काय उचललं, ते त्यांनी बघितलंच नव्हतं.

तपासनीस जायला वळला आणि थबकला. "तुम्ही जरा सरका बघू. मागे काय लपवताय?"

काका बाजूला झाले. भिंतीवर, खाली बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल एवढ्या उंचीवर, एक गोल, काळपट, तेलकट डाग होता. भोवतालचा रंग घासून घासून उडाला होता.

"चूक झाली साहेब. रोज घासतो, पण जातच नाही. रंग लावून देतो मी."

"कशाचा आहे?"

"डोक्याचा. इथं टेकून झोपतो."

"अहो, पलंग आहे ना?"

"पलंगावरून दार नीट दिसत नाही."

तपासनीस वाकून डाग बघत राहिला. "हा काही दोन-चार दिवसांचा नाही," तो शेवटी म्हणाला. "राहतात म्हणून लिहितो. चपला मात्र तुम्ही घेऊन जा, बाई."

तो गेल्यावर बाईंनी सगळा पसारा परत पिशव्यांत कोंबला. "काका, त्या डागाला आता हात लावायचा नाही. त्याच्यावर खोली राहिलीय तुमची."

"बरं."

बाई जिना उतरल्या. खालच्या मजल्यावर पोचतात न पोचतात, तोच वरून घसघस आवाज यायला लागला. त्या तशाच पिशव्यांसकट धापा टाकत, चरफडत पुन्हा वर चढल्या. आता काकांना चांगलं फैलावर घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

दार बंद होतं.

आजवर ते त्यांनी कधी बंद बघितलं नव्हतं. त्याआधी ओट्यावर तर ठोठावायला काही नव्हतंच. त्यांनी कडी वाजवली. घासणं थांबलं.

"कोण आहे?" काकांचा आवाज जरा त्रासलेला होता.

बाईंनी पिशव्या खाली ठेवल्या, पदर सारखा केला. "मी आहे, काका," त्या म्हणाल्या. "आत येऊ का?"