झोळीची पावलं

बाळंतपणाला चार महिने होतात न होतात तोच रचनाने लग्नाआधीची जीन्स घातली, आणि ती घालून माझ्याच दारात कढीपत्ता मागायला आली. तिच्या घरी कढीपत्ता नव्हता यावर माझा आजही विश्वास नाही. तिची आई, रंभाकाकू, आगाशीहून येताना निम्मी वाडी पिशव्यांत भरून आणते. केळी, अळू, शेवगा सगळं आणलं आणि कढीपत्ता तेवढा विसरली म्हणे.

मी दार उघडलं तेव्हा नवऱ्याचा टीशर्ट घालून होते, कारण माझं स्वतःचं काहीच अंगात शिरत नव्हतं. बाळंतपणाआधी मी अठ्ठावन्न किलोची होते, आता चौऱ्याहत्तर. बाळ बाहेर आलं आणि वजन आतच राहिलं. रचना आणि मी एव्हरशाईन सिटीत एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो, एकाच आठवड्यात बाळंत झालो. तिचं सिझर, माझी नॉर्मल. म्हणजे न्यायाने आधी मी उभी राहायला हवी होते.

ती कढीपत्ता घेऊन गेली आणि संग्राम, माझा नवरा, डबा घासता घासता म्हणाला, "रचनाला बघ. वाटतं का हिचं बाळंतपण झालंय?"

त्या दिवशी त्याच्या भाजीत मीठ दोनदा पडलं.

त्याच सुमारास बी विंगमधल्या मर्लिनने ग्रुप काढला. मर्लिन शाळेत पीटी शिकवते. कॉम्प्लेक्समधल्या आम्ही सहा नव्या आया, रोज चालायचं, आणि संध्याकाळी मनगटावरच्या बँडवर पावलांचा आकडा येतो त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. "मम्मीज, नो शरम, नो बहाणा," असा तिचा पहिला मेसेज. संग्रामने त्याचा जुना बँड ड्रॉवरमधून काढून दिला आणि मीही हौसेने बांधला.

पहिल्या दिवशी रचनाची पावलं नऊ हजार दोनशे, माझी दोन हजार तीनशे. तीही ओट्यापासून पलंगापर्यंत आणि पलंगापासून वॉशिंग मशीनपर्यंत. सगळ्यांनी रचनाला टाळ्या पाठवल्या. मर्लिनने मला लिहिलं, "यू कॅन डू इट, डिअर." ते वाचून माझं डोकंच फिरलं.

तीन दिवस मी नुसती काकडी आणि ताक घेतलं. पी हळद आणि हो गोरी. चौथ्या दिवशी शाल्मली, माझी लेक, दूध पुरेना म्हणून किंचाळायला लागली, तेव्हा मी उभ्या उभ्या दोन भाकऱ्या आणि कालचं पिठलं खाल्लं आणि तो नाद सोडला.

रचना सकाळी सहाला उतरायची आणि संध्याकाळी परत सहाला. मी शाल्मलीला पाजत खिडकीत बसायचे आणि चौथ्या मजल्यावरून तिचे फेरे मोजायचे. गेट, मंदिर, जनरेटर, परत गेट. पाठीवर वेणी उडायची तिची. कधीतरी ठेच लागावी असं मला वाटायचं. फार नाही, चप्पल तुटण्यापुरती.

खरं सांगायचं तर जीन्सचं एवढं नव्हतं. मला हेवा वाटायचा तो त्या दोन तासांचा. ती हात मोकळे सोडून चालायची आणि वर तिचं पोर तिच्या आईच्या मांडीवर असायचं. संग्राम साडेसातला जातो तो रात्री साडेआठला येतो. सासूबाई साताऱ्याकडे गावी, गुडघ्यांनी जेरीस आलेल्या, फोनवरून अळीव खा म्हणून सांगतात. आणि माझी आई शाल्मली होण्याच्या दोन वर्षं आधी गेली. माझ्या मुलीला घ्यायला दुसरे हातच नव्हते. तिला खाली ठेवलं की ती रडायची, म्हणून मी अंघोळसुद्धा दार उघडं ठेवून करायचे. पोटातली जळजळ ॲसिडिटीची नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

शाल्मलीची झोळी साडीची, वर छताच्या हुकाला स्प्रिंग. एका दुपारी ती झोपेचना. तासभर मी झोळी हलवत बसले. मग सहज मनगटाकडे पाहिलं तर बँडवर चार हजार पावलं. मी जागची हललेही नव्हते. हात हलला की बँडला वाटतं बाई चालतेय.

त्या संध्याकाळी मी सहा हजार शंभरचा फोटो टाकला. खोटं असं त्यात काय होतं, मीच तर हलवली होती झोळी, असं मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी ती समजूतही लागली नाही. बँड सरळ झोळीच्या दोरीला बांधला. एक झोका दिला की स्प्रिंगवर झोळी बराच वेळ आपोआप हलायची. मी ओट्याशी फोडणी द्यायचे आणि माझी पावलं बेडरूममध्ये चालायची. त्या दिवशी दहा हजार चारशे झाली. रचनाची नऊ हजार आठशे.

"ओ माय गॉड, ज्ञानदा," मर्लिनने लिहिलं. "घरात हेल्प नाही, तरी टेन थाउजंड. लर्न फ्रॉम हर, मम्मीज." मी तो मेसेज संग्रामला वाचून दाखवला, नंतर एकटीने चारदा वाचला. रचनाने फक्त अंगठा पाठवला होता. तो अंगठा बघून मला जे सुख झालं ते बारशालाही झालं नव्हतं.

मग लागली शर्यत. तिने अकरा हजार केली की शाल्मलीची झोळी त्या दिवशी जरा जास्त हलायची. ती दुपारच्या उन्हातही उतरायला लागली. लिफ्टमध्ये भेटली तर ओढूनताणून हसायची आणि विचारायची, "कधी चालतेस गं तू? दिसत नाहीस खाली."

"पहाटे," मी म्हणायचे. "गच्चीवर." चोराच्या मनात चांदणं, त्याच दिवशी मी गच्चीच्या दाराला कुलूप असतं का तेही बघून आले.

दोन आठवड्यांत माझं वजन अर्धा किलो वाढलं. ते कोणाला दिसत नव्हतं, आकडा सगळ्यांना दिसत होता.

आणि एका गुरुवारी रचनाचा फोटो आला नाही. शुक्रवारीही नाही. माझा बारा हजारांचा आकडा ग्रुपवर एकटाच पडला आणि मला करमेना. शनिवारी शाल्मलीला घेऊन मी समोरच्या दाराची बेल वाजवली.

दार रंभाकाकूंनी उघडलं. रचना आतल्या खोलीत उशीला टेकून पडली होती. चेहरा पिवळा, ओठ सुकलेले.

"टाक्यांच्या जागी ओढ बसली," ती म्हणाली. "कळ आली नि खालीच बसले, वॉचमनने खुर्ची दिली. डॉक्टर म्हणाली एवढं चालायला सांगितलं कोणी. तीन आठवडे रेस्ट."

"आनि मी काय कमी बोलले हिला?" काकू ग्लासात पेज ओतत म्हणाल्या. "रोज सांगायची, ती ज्ञानदा बघ, तिला मागे ना पुढे कोन, तरी तुझ्यापेक्षा जास्त चालते. तुला आई हाय, बसल्या जागी पानी मिळतं, तरी तू मागे. माझीच जीभ झडो."

मला बसायला खुर्ची दिली होती, मी उभीच राहिले.

"तीन आठवडे वगैरे काही नाही," रचना म्हणाली. "सोमवारी उतरणार आहे मी. तू एकटी पोर सांभाळून बारा हजार करतेस. मला इतका राग येतो ना तुझा. तुला बघितलं की वाटतं, आपण आई म्हणून पण कमी नि बाई म्हणून पण."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझा हेवा करत होतं, आणि तोही जे मी केलंच नव्हतं त्याचा. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी "काळजी घे" म्हणून घरी आले. सांगितलं तर ग्रुपवर तोंड दाखवायला जागा नव्हती, संग्राम हसला असता, आणि रचना परत पहिली आली असती. हो, हेही मनात आलं. ती पिवळी पडून झोपली होती आणि मी तिचा नंबर मोजत होते.

रविवारी दुपारी मी दोरीवरचा बँड सोडला, शाल्मलीला उचललं आणि गेले.

"मी चालत नाही," मी दारातून आत शिरता शिरताच म्हटलं, नाहीतर परत फिरले असते. "एकही दिवस चालले नाही. बँड झोळीला बांधते. बारा हजार झोळीचे आहेत."

रचना उशीवरून कोपरावर उठली. मग म्हणाली, "का पण?"

"तू उतरायचीस म्हणून. तुझी आई आहे म्हणून. मला बघवायचं नाही."

तिने तोंड भिंतीकडे केलं. "जा तू," एवढंच म्हणाली. तिचा खांदा हलत होता. ती रडते की चिडते ते मला कळलं नाही, विचारायची सोयही नव्हती.

मी बाहेरच्या खोलीत आले. काकूंनी सगळं ऐकलं होतं. आता तासतील म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी रचनाच्या मुलाला गादीवर ठेवलं आणि हात पुढे केले.

"पोर दे इकडे."

"काकू, ती कोणाकडे राहत नाही."

"कोनाकडे दिलंस कधी तिला? दे. आनि तो पट्टा हाताला बांध, खाली जा, एक तास चाल. खरं खरं चाल. वर येशील तेव्हा आकडा मला दाखवायचा, त्या मर्लिनला नाय."

मी उतरले. गेट, मंदिर, जनरेटर, परत गेट. हात दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते, त्यांचं काय करायचं ते मला कळेना. तिसऱ्या फेरीला धाप लागली, पाचव्या फेरीला मांड्या घासून जळायला लागल्या. सारखं वर बघत होते, रडणं ऐकू येतं का म्हणून. आलं नाही. एका तासात साडेचार हजार पावलं झाली.

घामाघूम होऊन वर आले. दार लोटलेलं होतं. आतल्या खोलीचं दार बंद होतं, रचना बाहेर आली नव्हती. काकू जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या आणि शाल्मली त्यांच्या मांडीवर पालथी झोपली होती. त्या तिच्या पाठीवर हळूहळू थापटत होत्या, तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

इतके दिवस मी रचनावर जळत होते. तिथे दारात, चप्पल पायात तशीच ठेवून उभी असताना, मला माझ्या साडेचार महिन्यांच्या मुलीचा हेवा वाटला.