बारा वाजेपर्यंतचा कोट

बायको जाऊन पाच महिने झाले तेव्हा मेहुणी आली, आणि आल्या आल्या तिने कपाटं उघडली.

"भाऊजी, हे सगळं असंच ठेवणार का? ताईच्याच बाजारात नेऊन विका. दुसऱ्या कोणाचं सामान असतं तर ताईने हेच सांगितलं असतं."

ताईचा बाजार म्हणजे आमच्या वस्तीतल्या वाचनालयाच्या खालच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी होणारी जुन्या वस्तूंची विक्री. लोक आपल्या घरातलं नको असलेलं आणून टेबलावर मांडतात आणि दुसऱ्याचं नको असलेलं घेऊन घरी जातात. माझी बायको तिथे अकरा वर्षं जात होती. मी एकदाही गेलो नाही. मी नळदुरुस्ती करणारा माणूस. आठवडाभर लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करायच्या आणि सुट्टीच्या दिवशी परत लोकांची अडगळ बघायची, हे मला पटत नसे. ती म्हणायची, "चला ना एकदा." मी म्हणायचो, "नाही." मग ती पिशवी उचलून जायची.

दुपारी परत आली की तिचा चेहरा वेगळा दिसायचा. जिना धावत चढून आल्यासारखा, केस थोडे सुटलेले, आणि डोळ्यांत काहीतरी नुकतंच करून आल्याची चमक. मला ते दिसायचं. मी कधी विचारलं नाही.

तर मी दोन खोकी घेऊन गेलो. हॉलमध्ये लांब टेबलं होती. वाचनालयाच्या बाईंनी मला खिडकीजवळचं टेबल दिलं. मी चावीचं घड्याळ, काचेच्या सहा बरण्या, लाकडी मुठीची छत्री, एक टेबललॅम्प आणि चिनी मातीची मोठी थाळी मांडली. किमती चिठ्ठ्यांवर लिहून चिकटवल्या आणि स्टुलावर बसलो.

थोड्या वेळाने एक उंच माणूस आला. माझ्याच वयाचा असेल. गळ्यात दोरीला चष्मा. त्याने छत्री उचलली, चिठ्ठीकडे बघितलंही नाही.

"हिची मूठ मी बसवली," तो म्हणाला. "तुम्ही बाईंचे मिस्टर."

"हो. तुम्ही?"

"माझं चौकात चष्म्याचं दुकान आहे. बाई मला पार्टनर म्हणायच्या."

मला ती चौतीस वर्षं 'अहो' म्हणायची. दुसरं काही म्हणाल्याचं आठवत नाही.

"कसले पार्टनर?" मी विचारलं.

"घासाघिशीतले! तुम्हाला बोलल्या नाहीत का?" तो टेबलाला टेकून उभा राहिला, जसं काही ते त्याचंच होतं. "बाई वस्तू हातात घ्यायच्या आणि तोंड वाकडं करायच्या. इथे टवका उडालाय, तिथे गंज आलाय. समोरचा नरम पडला नाही की मी म्हणायचो, चला हो बाई, याच्यापेक्षा चांगलं तिकडे बघितलंय मी. आणि बाही ओढायचो."

"कोणाची बाही?"

"अहो, बाईंची. दोन पावलं टाकली की मागून हाक आलीच."

मी घड्याळ पुढे सरकवलं. "हे?"

"हे बंद होतं. बाईंनी कानाला लावलं आणि म्हणाल्या, मेलेलं आहे. मिळालं चवलीपावलीत. बाहेर जाऊन चावी दिली तर टकटक सुरू. पायऱ्यांवर बसून हसलो आम्ही दोघं. बाईंना ठसका लागला."

"बरण्या?"

"पाच होत्या. सहावीसाठी तीन महिने थांबलो."

मला एक तरी वस्तू हवी होती जिच्याबद्दल याला काही माहीत नसेल. मी दिवा दाखवला, थाळी दाखवली. त्याला सगळं माहीत होतं. थाळी कोणाकडून घेतली, तो माणूस कसा चिडला, बाई काय बोलल्या. बोलताना तो तिचा आवाज काढायचा आणि तो हुबेहूब यायचा. ते मला जास्त लागलं. मला तिचा आवाज काढता येत नाही.

"आणि हा," असं म्हणून त्याने माझ्या कोटाची बाही दोन बोटांत धरली. "हा अजून टिकलाय म्हणजे कापड खरंच चांगलं होतं."

"हा दुकानातला आहे," मी म्हटलं. "सेलमध्ये घेतला होता. पिशवी होती दुकानाची."

त्याने बाही सोडली. मग म्हणाला, "पिशव्या माझ्या दुकानातून न्यायच्या त्या. मला कंपनीकडून मोठ्या यायच्या."

मी खाली कोटाकडे बघितलं. राखाडी लोकरीचा, आतून काळं अस्तर. सात वर्षं मी तो नवीन म्हणून घालत होतो.

"इथे बारा वाजता घंटा होते," तो सांगायला लागला. "घंटेनंतर सगळं निम्म्या किमतीत. पण चांगला माल तोवर टिकत नाही. मग बाईंनी युक्ती काढली. तुमची-माझी उंची एक, खांदेही जवळजवळ एक. मी कोट अंगावर चढवायचो आणि हॉलभर फिरायचो, माझाच असल्यासारखा. घंटा झाली की काढून टेबलावर ठेवायचा, आणि बाई लगेच उचलायच्या. तुमचे सगळे कोट असेच आलेत. जाकिटंसुद्धा."

"तुम्ही घालून फिरायचा."

"दोन-दोन तास. बाई लांबून बघायच्या. मागे वळा म्हणायच्या, हात वर करा म्हणायच्या. हा घातला होता तेव्हा म्हणाल्या, छान दिसतोय हो. तुमच्याबद्दल म्हणाल्या असतील," त्याने घाईने जोडलं. "म्हणजे तुम्हाला दिसेल असं."

मला कोट काढून फेकावासा वाटला, आणि त्याच वेळी तो घट्ट धरून ठेवावासाही वाटला. मी आरशासमोर उभा राहायचो तेव्हा ती कॉलर सारखी करायची आणि काहीच म्हणायची नाही. म्हणणार कशाला? बघून झालेलं होतं.

तेवढ्यात घंटा झाली आणि माणसं टेबलांवर तुटून पडली. मी गोंधळलो. चष्मेवाला न विचारता टेबलाच्या आत आला आणि विकायला लागला. "मावशी, बरणी एकटी देत नाही, सहा बहिणी आहेत त्या! घड्याळ? कानाला लावा आधी!" लोक हसत होते, घेत होते. मी नुसते सुटे पैसे देत होतो. ती इथे कशी असेल ते मला दिसत होतं. हसणारी, भांडणारी, एका पैशासाठी अडून बसणारी. आमच्या घरात ती बाई कधी आलीच नाही.

पाऊण तासात टेबल मोकळं झालं. छत्री त्याने स्वतःच घेतली.

"एक विचारतो," तो म्हणाला. "राग मानू नका. हा कोट मला तेव्हाच हवा होता. मी बाईंना म्हटलंही, या वेळी मला राहू द्या. त्या म्हणाल्या, पार्टनर, आमच्या ह्यांचा फाटलाय. अकरा वर्षांत मला नीट बसलेलं जे जे होतं ते तुमच्या घरी गेलं. चाळीस देतो."

"नाही," मी म्हटलं.

घरी माझ्या 'नाही'नंतर बोलणं संपायचं. बाजाराला नाही, तिच्या माहेरच्या लग्नाला नाही, चार दिवस कुठे तरी जाऊन येऊ याला नाही. ती साऱ्या जगाशी घासाघीस करत होती, आणि माझा पहिला शब्द तिने प्रत्येक वेळी तसाच घेतला. एकदाही ओढून धरलं नाही. मला वाटायचं, पटलं असेल.

"का नाही?" चष्मेवाल्याने विचारलं.

कारण सांगायची मला सवयच नव्हती.

"थंडी आहे," मी म्हटलं.

"थंडी मलाही वाजते. पन्नास. कोपर झिजलंय बघा. आणि खिशाला ठिगळ आहे."

"मग कशाला घेताय?"

"साठ. शेवटचं." तो वळला आणि दोन पावलं चालून गेला. आता मागून हाक मारायची असते, हे त्यानेच मला सांगितलं होतं. मी मारली नाही. तो तिथेच जरा थांबला आणि आपणच परत आला.

"काहीतरी कारण सांगा राव. नुसतं नाही म्हटलं तर समोरच्याने काय करायचं?"

हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. तिनेच सांगायला हवं होतं.

"दोन तास तुम्ही घातलात," मी म्हटलं. "तेवढं पुरे."

गळ्यातला चष्मा त्याने शर्टाला पुसला, घातला, परत काढला.

"कोट तीन आणि जाकिटं दोन," तो हळूच म्हणाला. "सगळे मिळून दहा तास. अकरा वर्षांत दहा तास, साहेब. अख्खा दिवससुद्धा भरत नाही."

त्याने छत्री काखेत मारली आणि तो गेला. मी खोकी एकात एक घातली. रस्त्यावर आलो, घराकडे निघालो. चौकापर्यंत मी तेच मोजत होतो. दहा तास. मला तेही जास्त वाटले.