स्पिनरची पाच मिनिटं

आमच्या घरात बारा वॉशिंग मशीन आहेत. अकरा जुनी, मी जमवलेली, दुरुस्त करून मागच्या खोलीत मांडलेली. बारावं बायकोचं. ते स्वयंपाकघरामागच्या बोळात असायचं आणि रोज चालायचं. घरी कोणी आलं आणि एवढी मशीन कशाला म्हणून विचारलं, की माझ्याआधी तीच उत्तर द्यायची, "सवती आहेत माझ्या. अकरा जणी बसून खातात आणि काम मी एकटी करते."

तिचं मशीन दोन टबांचं, फिकट हिरवं. एका टबात कपडे धुवायचे, मग ओलेच उचलून शेजारच्या स्पिनरमध्ये टाकायचे आणि पाच मिनिटं पिळायचे. तिच्या आईकडून आलेलं. स्पिनर सुरू झाला की आतून पत्र्यावर धाड धाड आपटायचा. "अहो, जरा बघा ना त्याच्याकडे," असं ती मला तीन वर्षं सांगत होती. बघतो, म्हणायचो. माझ्यापुढे नेहमी दुसरं एखादं मशीन उघडून पडलेलं असायचं.

ती इस्पितळात गेली त्या आठवड्यात मी स्वतः कपडे लावले आणि स्पिनर जाम झाला. ती घरी परत आली नाही. मशीन बोळात तसंच बंद पडून राहिलं.

माझे सासरे आमच्याकडेच असतात. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, कान मात्र माझ्यापेक्षा चांगले. गेल्या दोन वर्षांत विसरायला लागलेत. त्यांची खोली बोळाला लागून आहे. सकाळी दहाला मशीन सुरू झालं की लेक घरात आहे हे त्यांना कळायचं, आणि मग ते जेवणापर्यंत कोणाला हाक मारायचे नाहीत.

ती गेल्यानंतर चौथ्या दिवशी दहा वाजता त्यांनी विचारलं, "जावईबापू, आज मशीन नाही लावलं? बाहेर गेलीय का ती?"

तिला पोचवायला ते आमच्याबरोबर आले होते. त्यांच्या हाताला धरून मीच नेलं होतं. मी त्यांच्याजवळ बसलो आणि पुन्हा सांगितलं. ते खूप रडले. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दहा वाजता परत तेच विचारलं. परत सांगितलं, आणि पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ते परत तेवढेच रडले. असं नऊ दिवस झालं. दहाव्या दिवशी मला तोंड उघडवेना. मी म्हणालो, "बाजारात गेलीय."

"पिशवी न घेता?"

बाजाराची पिशवी त्यांच्या खोलीच्या दाराला अडकवलेली असते. ती काढताना कडी वाजते. कडी वाजली नव्हती. शेवटी खरं ते सांगावंच लागलं.

सकाळी त्यांचं करायला एक बाई येतात. त्यांना अंघोळ घालतात, खायला घालतात, दुपारी जातात. त्या दिवशी त्या मला बोळात गाठून म्हणाल्या, "रोज काय मारताय म्हाताऱ्याला?"

"मग काय करू? खोटं त्यांना पटत नाही."

"तोंडाने कशाला बोलायचं? मशीन लावा. आवाज आला की बसतील गप्प. अकरा नीट केलीत ना? मग हिचंच का राहिलं?"

मी त्याच दिवशी मशीन ओढून मागच्या खोलीत नेलं.

उघडल्यावर दोष लगेच समजला. टबाखालचं रबरी सील फाटून पाणी खाली मोटरवर गळत होतं. मोटर गंजून धरली होती. टब ज्या तीन स्प्रिंगांवर उभा असतो त्या दबून वाकड्या झाल्या होत्या, म्हणून तो पत्र्यावर आपटायचा. सील बदलून मोटर साफ केली असती तर चार दिवसांत मशीन बोळात परत गेलं असतं. पण मला अर्धं काम करता येत नाही. खोड म्हणा. मी नव्या स्प्रिंगा मागवल्या. ब्रेकला नवं अस्तर लावलं. टब आपटून पुढच्या पत्र्याला फुगवटा आला होता, तो ठोकून सपाट केला. एका पायाचं रबर गेलं होतं आणि तिने तिथे पुठ्ठ्याची घडी सरकवली होती. ती काढून टाकली, रबर बसवलं. खड्डे बुजवायला लांबीची पुट्टी भरली, काचपेपर मारला, हिरवा रंग जुळवायला पंधरा दिवस घालवले. रोज दहा वाजता उठून बाबांच्या खोलीत जायचो, सांगायचो, त्यांचं रडणं संपेपर्यंत बसायचो आणि परत कामाला यायचो. सहा आठवडे गेले. खरं सांगायचं तर ते काम करताना मला बरं वाटत होतं. तिने तीन वर्षं सांगितलेलं एकदाचं करतोय असं वाटत होतं.

मशीन बोळात आणलं. दहा वाजता चादरी लावल्या, धुतल्या, स्पिनरमध्ये टाकल्या, टायमर फिरवला. स्पिनर फिरायला लागला. आवाज नाही. झाकणावर पाण्याचा पेला ठेवला असता तर सांडला नसता, इतका नीट.

आतून बाबा म्हणाले, "पंखा लावलाय का कोणी?"

"मशीन आहे, बाबा."

"कोणाचं?"

"आपलंच."

"आपलं असं नाही. ती कुठे गेलीय?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "एवढं कोणी नीट करायला सांगितलं होतं?"

माझा एक मित्र जुन्या मशीनचे भाग विकतो. आम्ही त्याला स्प्रिंग्याच म्हणतो. त्याला मी फोन केला आणि म्हणालो, आवाज परत आणायचाय. तो आधी हसला. म्हणाला, "तीस वर्षं धंदा करतोय. सुटे भाग मिळतील. बिघाड कुठून देऊ तुला?" मग मी कशासाठी विचारतोय ते त्याच्या लक्षात आलं. म्हणाला, "जुन्या स्प्रिंगा टाकल्या नाहीस ना?"

नव्हत्या टाकल्या. मी काही टाकत नाही. डब्यात होत्या. त्या परत बसवल्या. पायाचं नवं रबर काढलं आणि पुठ्ठ्याची घडी घातली. मूळ घडी मात्र केरात गेली होती, ती दुसऱ्या खोक्याची केली. पत्रा उतरवला आणि नव्या रंगाकडे न बघता आतून हातोडीने ठोकून पुन्हा फुगवटा आणला. दुसऱ्या दिवशी दहाला स्पिनर लावला आणि तो आपटला. धाड धाड धाड, अगदी पहिल्यासारखा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी बाबांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

ते उठून बसले होते. मान तिरकी करून ऐकत होते. म्हणाले, "मोकाट सुटलंय. कोणी आवरत कसं नाही त्याला?"

"कसं आवरायचं?"

"ती गुडघा लावते ना. सुरू झालं की चार-पाच आपटू देते, मग लावते गुडघा. मग नुसतं घुमतं. मध्ये एकदा पाय बदलते, तेव्हा पुन्हा एक धाड होतं. हिची आईसुद्धा तसंच करायची. तिचं बघूनच ही शिकली." मग माझ्या दिशेला तोंड करून म्हणाले, "तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

"एवढी मशीन आहेत ना तुमच्याकडे?"

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच नवल वाटत होतं.

एकतीस वर्षं ती बोळात धुवत होती आणि मी भिंतीपलीकडे होतो. तिथे ते घुमणं मलाही ऐकू यायचं. मी ते मशीनचंच समजत होतो.

कोणतंही मशीन उघडण्याआधी मी चारही बाजूंचे फोटो काढतो आणि वहीत टिपून ठेवतो. वही काढली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, पुढचा पत्रा, उजवीकडे, तळहाताएवढ्या जागेत रंग जाऊन लोखंड दिसतंय, कारण सोड्याचं पाणी. त्या जागेवर मी लांबी भरली होती आणि तीन हात रंग मारला होता. फोटोवरून मोजलं. जमिनीपासून बेचाळीस सेंटीमीटर. तिचा गुडघा तेवढ्या उंचीवर यायचा. माझा बराच वर येतो.

बाई म्हणाल्या, "मी लावते गुडघा. मी तिच्याएवढीच आहे."

"नको," मी म्हणालो. त्या भांडी घासायला गेल्या.

काल दहा वाजता मी चादरी आणि बाबांचे सदरे धुतले, स्पिनरमध्ये टाकले, टायमर पाचवर फिरवला. धाड धाड सुरू झालं. पाच मोजले. मग भिंतीला एक हात टेकवून अर्धवट खाली बसलो आणि पेन्सिलीने खूण केली होती तिथे गुडघा दाबला. पत्रा थरथरला आणि आपटणं थांबलं. घुमणं सुरू झालं. ते माझ्या मांडीपर्यंत जाणवत होतं. मध्ये मी पाय बदलला. एक धाड झालं.

आतून बाबांचा आवाज आला, "आलीस का गं?"

मी श्वास धरला.

"कधी आलीस? मला कोणी सांगितलंच नाही." आवाज अगदी मोकळा होता. दोन महिन्यांत असा आवाज मी ऐकला नव्हता. "हे जावईबापू काहीतरी भलतंच सांगत होते. मी म्हटलं, माणूस थकलाय, बोलू दे."

स्वयंपाकघरातून बाई दारापर्यंत आल्या. हात साबणाने भरलेले. त्यांनी मला तसं अर्धवट बसलेलं पाहिलं, मान हलवली, तोंडावर पदर घेतला आणि मागे फिरल्या. त्यांनीच सुचवलेलं होतं, आणि झालंही तसंच. म्हातारा आज रडला नव्हता.

"मशीन नीट केलंय बघ त्यांनी," बाबा सांगत होते. "किती दिवस मागच्या खोलीत ठोकत होते. उशीर केला, पण केलं. आता त्यांना बोलू नकोस काही."

टायमर टकटक करत शून्याकडे चालला होता. घुमणं खाली उतरलं, ब्रेक लागला, टब थांबला.

"झालं का?" ते म्हणाले. "ये, बस जरा. कपडे घाल नंतर वाळत."

इथपर्यंतचंच मी ठरवलं होतं. आवाज आणायचा, एवढंच. पुढचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. त्यांची खोली सहा पावलांवर आहे. माझी पावलं ते ओळखतात. मी आत गेलो तर मीच येईन, आणि मग ती कुठे ते सांगावं लागेल, तेही आत्ता, ती आलीय असं त्यांना वाटत असताना. गेलो नाही तर ते वाट बघणार. ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा हाक मारणार.

"अगं, येतेस ना?"

मी झाकण उघडलं. सदरे पिळून घट्ट झाले होते, आता त्यातून थेंबही निघाला नसता. झाकण लावलं. टायमर परत पाचवर फिरवला, पाच आपटे मोजले आणि गुडघा लावला.

"बरं, बरं," बाबा आतून म्हणाले. "आधी तुझं आटप."