तोतया पेशंट

ऑफिसात त्याला तोतया म्हणत, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे, कारण त्याचं कामच ते होतं. एचआयव्हीला आळा घालायला जागोजागी सल्ला आणि तपासणीची केंद्रं उघडली होती. ती नीट चालतात की नाही हे बघायला ऑफिस त्याला पेशंट बनवून पाठवी. तो केंद्रात जाई, रचलेली कर्मकहाणी सांगे, रक्त देई, सल्ला ऐके, आणि दोन गल्ल्या ओलांडून चहाच्या टपरीवर बसून प्रश्नावली भरे. समुपदेशकाने बसायला सांगितलं का. डोळ्यांत बघून बोलला की घड्याळात. आतलं बोलणं बाहेर ऐकू जातं का.

पूर्वी तो नाटकात होता. म्हणजे नाटक होतं आणि त्यात एका कोपऱ्यात भाला घेऊन तो होता. नाटक पडलं, भाला परत गेला, तो उरला.

कर्मकहाण्या मॅडम लिहून देत. मॅडम म्हणजे मूल्यमापन विभागाच्या प्रमुख, आणि कल्पनाशक्ती जबर. कधी तो ट्रक ड्रायव्हर असे, कधी फिरता विक्रेता, कधी दोन गावांत दोन संसार थाटलेला कंत्राटदार. धडधाकट माणसाला अख्खा जन्म पुरला नसता एवढी पापं त्याने ऑफिसच्या वेळेत, जेवणाची सुट्टी सोडून, उरकली होती. प्रत्यक्षात त्याचं लग्नही जमत नव्हतं. कुठे बोलणी निघालीच तर तो सांगे, तपासणी खात्यात आहे. कशाची तपासणी, असं कुणी विचारलं की त्याच्या बहिणीचे यजमान, भावोजी, घाईघाईने हवापाण्यावर बोलू लागत.

तो थोरल्या बहिणीकडे राही. ताईला त्याच्या पँटच्या खिशात पहिल्यांदा तपासणीची चिठ्ठी सापडली तेव्हा तिने धाय मोकलून रडून घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्यांदा नुसतंच डोक्यावर घेतलं. आता ती धुण्याआधी चिठ्ठी काढून खिडकीत ठेवी आणि स्वयंपाकघरातूनच विचारी, आज काय निघालं. काही नाही, तो म्हणे. मग जेवायला बस, ती म्हणे. भावोजींचं मत असं की अख्ख्या वस्तीत एवढं खात्रीचं रक्त दुसऱ्या कुणाचं नाही, पण त्याचा घराला काही उपयोग नाही.

तरी तो थकला होता. खोटं बोलून नव्हे, खोट्याला त्याची ना नव्हती. ऐकून थकला होता. समोरचा माणूस जीव ओतून सांगतो की घाबरू नका, आम्ही आहोत, आणि आपण मान खाली घालून मनात त्याला गुण देतो. दुसऱ्याच्या वाट्याची माया रोज फुकट खायची म्हणजे शेवटी पोटाला जड होतेच.

त्या दिवशीचं केंद्र एका सरकारी दवाखान्यात होतं. सल्ला आणि तपासणी वरच्या मजल्यावर, औषधं खालच्या खोलीत. भेट इतकी गुप्त होती की मॅडमनी ती स्वतःच्या साहेबांनाही सांगितली नव्हती, आणि जिन्यात भेटलेल्या पहिल्याच शिपायाने त्याला सांगितलं, वर जाताय तर कठड्याला हात लावू नका, रंग ओला आहे, आज तपासणीचा माणूस यायचाय. शिपाई मोकळ्या मनाचा होता. न विचारता त्याने पुढचंही सांगून टाकलं की या खेपेला आजार असलेलाच माणूस पेशंट म्हणून पाठवणार आहेत, इथले समुपदेशक सर वाईट बातमी कशी देतात ते बघायला.

तशी सूचना मॅडमनी एका बैठकीत मांडली होती हे तोतयाला ठाऊक होतं. तयार कुणीच झालं नाही, आणि चहा आला तेव्हा ती बारगळली. म्हणजे अर्धी बातमी इथवर पोचली होती, उरलेली अर्धी वाटेत दमून बसली होती.

वर बाकावर एक जण आधीच होता. पार्सलं पोचवणारा असावा. मांडीवर हेल्मेट, त्यावर दोन्ही हात, आणि डोळे भिंतीवरच्या पत्रकांवर. पत्रकं तो ओठ हलवत वाचत होता, शेवटच्या ओळीतला छपाईचा पत्ताही सोडत नव्हता. बोलायला कुणी मिळालं म्हणून तो तोतयाकडे सरकला. बायकोला सातवा महिना लागला होता. डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. यानेच ठरवलं की आधी आपण जाऊ, आपलं ठीक निघालं की तिला कशाला उगाच सुई टोचायची. लग्नाआधी तो चांगला नव्हता, असंही त्याने सांगितलं, आणि मग हेल्मेटवर चिकटलेलं काहीतरी नखाने खरवडत बसला.

आत समुपदेशक होते. त्यांना सगळे नुसतं सर म्हणत. रक्त घेण्याआधी त्यांनी हेल्मेटवाल्याला विचारलं, हा आजार कशाने होतो, कशाने होत नाही. त्याने पाढे म्हणावेत तशी उत्तरं दिली. मग तोतयाची पाळी आली. आजचा कंत्राटदार त्याने मन लावून वठवला. प्रत्येक गोष्टीला नाही म्हणाला, डासाने होतो का हे पुन्हा पुन्हा विचारलं आणि सुई बघून तोंड फिरवलं. सरांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. इतका तो खरा वाटला. कामावर बऱ्याच दिवसांनी त्याला जरा बरं वाटलं.

मग निकाल आले आणि हेल्मेटवाल्याला आत बोलावलं. मूल्यमापनासाठी दाराला नवा पडदा लावला होता. तो इतका जाड होता की दार लागत नव्हतं. त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

सरांनी नमस्कार केला. बसा म्हणाले, पाणी दिलं, निकाल ऐकायची तयारी आहे का ते विचारलं. मग शांतपणे सांगितलं की तिन्ही चाचण्यांत एचआयव्हीची लागण दिसते आहे. मग पुस्तकात सांगितलाय तेवढा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की यावर औषध आहे, ते नेमाने घेतलं तर माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. बाकावर बसून तोतयाने पैकीच्या पैकी गुण दिले, आणि तिथेच त्याला शंका आली. खऱ्या पेशंटशी इतकं बिनचूक कुणीच बोलत नाही.

आत सरांनी आवाज खाली आणला, पण सूर पेपर देऊन आलेल्या मुलाचा होता.

"कसं झालं? काही राहिलं का?"

"काय राहिलं?" हेल्मेटवाल्याने विचारलं. त्याचा आवाज कुठूनतरी लांबून येत होता.

"अहो, कळतं आम्हाला. तुमची उत्तरं ऐकली तेव्हाच ओळखलं. खरा पेशंट एवढं शिकून येत नसतो."

"म्हणजे... हे खरं नाही?"

"आता ते तुम्ही मला विचारताय होय?" सर हसले. पुढे म्हणाले, की औषधं तर तुमची चालूच असणार, उगाच खालच्या खोलीची चिठ्ठी कशाला फाडायची. ऑफिसात सांगताना तेवढं आमच्या बंद पंख्याचं बघा.

हेल्मेटवाला पडदा सारून बाहेर आला तो फाशी रद्द झालेल्या माणसासारखा. डोळे भरले होते आणि हसत होता. त्याने तोतयाच्या खांद्यावर हात ठेवला. काही नाही हो, नुसती परीक्षा होती त्यांची, म्हणाला. आता बायकोला कशाला आणतो. आणि जिना उतरून गेला.

आतून सरांनी पुढच्याला हाक मारली.

नियम एकच होता. काहीही झालं तरी आपण कोण ते सांगायचं नाही. सांगितलं तर ते मूल्यमापन बाद, आणि सांगणारा कायमचा घरी. आग लागली तरी पेशंटसारखंच पळायचं, असं मॅडमचं वाक्य होतं. तोतया बाकावर बसून राहिला. आपण जरा वाईट नट असतो तर सरांनी बरोबर माणूस ओळखला असता, असं त्याच्या मनात आलं. सरांनी पुन्हा हाक मारली. तो उठला आणि जिना उतरला.

हेल्मेटवाल्याने तोवर हेल्मेट घातलं होतं आणि मोटारसायकल चालू केली होती. अशा माणसाला वाईट बातमी कशी द्यायची हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तोतयाने हेल्मेटवर टकटक केली.

"काढा जरा. तो निकाल तुमचाच आहे. खरा आहे."

"सर म्हणाले परीक्षा होती."

"परीक्षा सरांची होती. ती घ्यायला आलो होतो मी. खोटा पेशंट मी आहे. त्यांना वाटलं तो माणूस तुम्ही."

हेल्मेटवाल्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्याला हसू आलं. तुम्ही कसली परीक्षा घेता, म्हणाला, तुम्हाला तर डासाचंही माहीत नाही.

तोतयाने मॅडमना फोन लावला आणि आवाज मोठा केला. म्हणाला, मॅडम, मी तोतया बोलतोय, मी कोण आहे ते यांना सांगा. मॅडमनी गुप्ततेचं प्रशिक्षण स्वतः दिलेलं होतं. राँग नंबर, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तोतयाने फोन खिशात टाकला. मोटारसायकल चालूच होती.

"हे बघा," तोतया म्हणाला, "मी खोटारडा आहे, पगारी खोटारडा. माझं ऐकूच नका. वर चला आणि रक्त पुन्हा तपासायला लावा. मी चुकलो तर माझी गचांडी धरा. पण मी बरोबर असलो आणि तुम्ही असेच गेलात, तर वहिनींना कुणी तपासणार नाही. त्यांना लागण झालीय की नाही, अजून माहीत नाही. झाली असली तरी औषध आत्ता सुरू झालं तर बाळ बहुतेक वाचेल. नंतर कळून उपयोग नाही."

हेल्मेटवाल्याने किल्ली फिरवली. आवाज बंद झाल्यावर त्याला जणू पहिल्यांदाच ऐकू आलं. तो कठडा धरून जिना चढला, आणि त्याच्या तळव्याला रंग लागला तो त्याने तसाच राहू दिला.

सरांना तोतयाने एका वाक्यात सांगितलं, की पेशंट हे आहेत, तुम्ही ज्याची वाट बघत होता तो मी. सरांनी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. बसा म्हणायचं राहून गेलं. हेल्मेटवाल्यासाठी भरलेला पेला त्यांनी स्वतःच पिऊन टाकला. मग खुर्ची ओढत टेबलाच्या अलीकडे आले, त्याच्या शेजारी बसले आणि फरशीकडे बघत म्हणाले, "चुकलं माझं. पुन्हा तपासतो. तोवर इथेच बसतो मी." रक्त पुन्हा घेतलं. निकाल तोच आला. या खेपेला सरांना पुस्तकातलं एकही वाक्य धड आठवलं नाही, निम्मं तर हातानेच सांगितलं. हेल्मेटवाला हेल्मेटमध्ये तोंड घालून रडला. तोतया भिंतीला टेकून उभा होता आणि कशालाच गुण देत नव्हता.

खालच्या खोलीतल्या नर्सने चिठ्ठी वाचली, हेल्मेटवाल्याला बसवलं, आणि हे कोण, म्हणून तोतयाकडे बोट केलं.

"मेहुणा," हेल्मेटवाला म्हणाला. का म्हणाला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

नर्सला तेवढं पुरलं. उद्या बहिणीला घेऊन यायचं तुमच्याकडे लागलं, असं तिने तोतयाला बजावलं. यांच्या एकट्यावर सोडायचं नाही, आज हो म्हणतील आणि महिनाभर तोंड लपवतील, असे पुष्कळ पाहिलेत.

"आणतो," तोतया म्हणाला. ही भूमिका मॅडमनी लिहिली नव्हती.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. त्यांनी त्याला फैलावर घेतलं, आणि त्यात चूक काहीच नव्हती. मूल्यमापन बाद झालं होतं. आता नवा माणूस जाणार होता, आणि या वेळी सगळं इतकं गुप्त ठेवणार होते की त्याला तो कुठे चाललाय हेही सांगणार नव्हते. तुझं मात्र आता काही सांगता येत नाही, असं त्या शेवटी म्हणाल्या. बरं, तो म्हणाला. त्याला झोप येत होती.

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच दवाखान्याच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिला. ते येतील याची त्याला खात्री नव्हती. शिपाई दोनदा येऊन विचारून गेला, आज कोण म्हणून आलात. लस टोचून घेतलेली मुलं रडत बाहेर पडली, औषधांची रांग लांबली, आखडली. ऊन पायांवरून पोटापर्यंत चढलं तेव्हा ती दोघं रस्त्याच्या वळणावर दिसली. मोटारसायकल नव्हती, चालत येत होती. बायको चार पावलं मागे होती, एक हात कमरेवर. डोळे सुजलेले. रात्री सगळं सांगून झालं होतं.

फाटकापाशी पोचल्यावर तिने नवऱ्याला विचारलं, हे कोण. तिच्यासमोर मेहुणा म्हणून चालणार नव्हतं. तिने थोडी वाट पाहिली. मग तोतयाचे हात रिकामे आहेत एवढं बघून खांद्यावरची पिशवी काढून त्याच्याकडे दिली आणि विचारलं, "कुठे जायचंय?"

"वर," तो म्हणाला. "सावकाश चला."