मागच्या भिंतीवरचा बिबट्या

पोस्टातून निवृत्त झाल्यावर आत्मारामांनी सोसायटीच्या फाटकापाशी एक फळा लावला. रोज सकाळी ते त्यावर खडूने बातम्या लिहीत. पाणी कधी येणार, कुणाकडे बारसं, कोण आजारी. विरार पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या इमारतीत लोक पेपरच्या आधी फळा वाचत.

२००४ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. दिवेलागणीला त्यांच्या पत्नी मीराताई बांगड्याची डोकी आणि उरलेला भात घेऊन मागच्या भिंतीपाशी गेल्या. भुरी कुत्री शेपूट हलवत आली, मागोमाग तिचं पिल्लू. इतक्यात भिंतीवरून काहीतरी पिवळं खाली उतरलं आणि पिल्लाला तोंडात धरून पलीकडे गेलं. मीराताईंच्या हातून पातेलं पडलं. भुरी भिंतीकडे तोंड करून भुंकतच राहिली.

दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या बाई आल्या. सेक्रेटरी जितेश म्हणाला, "मॅडम, पिंजरा लावा आणि घेऊन जा त्याला."

"याला नेलं तर दुसरा येईल," त्या म्हणाल्या. "तो कुत्र्यांसाठी येतो. कुत्री कशासाठी येतात, ते भिंतीमागे बघा."

भिंतीमागे स्वयंपाकघरांच्या खिडक्यांतून फेकलेल्या पिशव्यांचा ढीग होता. माशांचे काटे, कोंबडीची हाडं, आंबलेला भात.

सकाळी फळ्यावर वाचायला मिळालं, "बिबट्याला आपणच बोलावलं. भिंतीमागच्या खरकट्यात आमच्या घरचंही आहे. आजपासून ते बंद. आत्माराम."

दूध आणायला निघालेल्या मीराताईंनी ते वाचलं. घरी येऊन त्यांनी चहाचा कप नवऱ्यासमोर ठेवला आणि पाठ फिरवून ओट्याशी उभ्या राहिल्या.

"सुरुची सासरी गेल्यापासून घरात आपण दोघंच," त्या म्हणाल्या. "माझा हात मात्र अजून तिघांच्याच मापाचा. भात उरतो, तो भुरीला घालते. लिहिण्याआधी मला सांगायचं होतंत."

"धीर झाला नाही. पिल्लू तुझ्यामुळे गेलं, असं वाटलं असतं तुला."

"ते न सांगताच वाटतंय."

आत्माराम उठले. त्यांनी मीराताईंच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "पुसून येऊ का?"

"नको. खोटं कुठे लिहिलंय? खराटा घ्या, आपणच साफ करू."

दोघं भिंतीमागे गेली. आत्मारामांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, मीराताईंनी नाकाला पदर बांधला. खिडक्यांतून माणसं बघत होती. पहिलं पोतं भरलं तेव्हा जितेश खाली आला. "काका, सोडा, जड आहे ते," म्हणत त्याने ते उचललं. मग पहिल्या मजल्यावरची रिद्धी फावडं घेऊन आली, तिच्यामागे आणखी चौघं. दुपारपर्यंत जमीन दिसू लागली.

सवय काही एका दिवसात सुटली नाही. तिसऱ्या मजल्यावरून पुन्हा एक पिशवी खाली आली, तेव्हा मीराताईंनी ती उचलून थेट त्या दारात नेऊन दिली. "तुमची पडली वाटतं," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर घराघरात झाकणाचे डबे आले आणि कचरा घंटागाडी येईपर्यंत आतच राहू लागला. अंधार पडायच्या आत मुलांना घरी बोलावणं सुरू झालं.

भुरीचा प्रश्न उरला होता. मीराताई जितेशकडे गेल्या. "तिला जिन्याखाली बांधलं तर चालेल?"

"आमची अनुष्का कुत्र्यांना घाबरते, काकू." तो थांबला. "पण दिवे लागायच्या आत घ्या तिला आत. मी बघतो."

बिबट्या पुन्हा इमारतीपाशी दिसला नाही. उन्हाळ्यात लाकडं आणायला गेलेल्या बायकांना तो डोंगराच्या वरच्या अंगाला, दगडावर पडलेला दिसला. आत्माराम ते ऐकून घरी आले आणि त्यांनी आधी मीराताईंना सांगितलं.

त्या खिडकीतून डोंगराकडे बघत राहिल्या. "त्याला तिथे पोटभर मिळत असेल ना हो?"

"मिळत असेल," आत्माराम म्हणाले आणि त्यांच्याशेजारी येऊन उभे राहिले.