वरून उत्तर आले नाही

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. आकडे फिरवायचा किंवा बटणे दाबायचा नव्हे. माझ्या कुशीला एक हँडल आहे. ते गरगर फिरवले की दुसऱ्या टोकाला घंटा वाजते, एवढीच माझी विद्या. मला पेट्या दोन, तोंडे दोन, कान दोन, पण तार एकच. म्हणून मी स्वतःला एकच जीव मानतो. माझी एक पेटी डोंगराच्या माथ्यावर, दगडाच्या खाणीशेजारच्या खोलीत होती आणि दुसरी पायथ्याच्या कारखान्यात, जिथे त्या दगडाच्या फरशा कापतात. भिंतीला कान असतात म्हणतात. मी भिंतीवरच होतो आणि मला तोंडही होते. त्या तोंडानेच घात केला, तो कसा ते ऐका.

माथ्यावरचा दगड खाली आणायला मालाचा रोपवे होता. सात खांब, त्यांच्यावरून जाणारा जाड दोर आणि दोराला टांगलेले लोखंडी पाळणे. माल वर भरला जाई, पण दोर ओढणारी मोटर खाली होती. खालच्याला वरचे दिसत नसे. चौथा खांब तर एका मोठ्या खडकाच्या आड होता. तो वरच्या खोलीच्या खिडकीतून स्वच्छ दिसे आणि खालून मुळीच दिसत नसे. ज्याच्या हातात मोटर त्याला डोळे नाहीत आणि ज्याला डोळे त्याच्या हातात मोटर नाही, अशी ती गंमत होती. म्हणून तर मला आणले.

मला घडवणाऱ्या कारागिराने माझ्या दोन्ही तोंडांत कोळशाची दाणेदार पूड भरली आणि तिच्यावर पातळ पत्रा बसवला. माणूस बोलला की पत्रा थरथरतो, मागची पूड हलते आणि आवाज तारेत उतरतो. ही पूड कोरडी असेल तोवर मी बोलका. तिला ओल लागली की तिचा गोळा होतो आणि माझा घसा बसतो. तरी कान शाबूत राहतात आणि घंटाही वाजते, कारण ती हँडलवर चालते. एवढे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ज्या इंजिनिअरने रोपवे उभारला, त्याने दोन्ही खोल्यांच्या भिंतींवर लाल रंगात एक ओळ लिहून घेतली होती: ऐकलेले परत म्हणा. खालून विचारायचे, "दोर मोकळा आहे का?" वरून सांगायचे, "दोर मोकळा आहे, सोडा." मग खालच्याने म्हणायचे, "मोकळा आहे, सोडतो." त्यानंतरच मोटरच्या दांड्याला हात लावायचा. मला ते पोपटपंचीसारखे वाटे. तेव्हा मी नवा होतो आणि नव्याला अक्कल जरा कमीच असते.

खाली मोटरवर एक बाई होती. कारखान्यात लहानथोर तिला अक्का म्हणत. वर तिचा सख्खा धाकटा भाऊ होता. तो मुळातच कमी बोलणारा, म्हणून त्याला सगळे घुम्या म्हणत आणि तोही त्या नावाला ओ देई. बहीणभावांनी एकोणीस वर्षे माझ्यामार्फत काम केले. दिवसातून चाळीस वेळा ती विचारायची आणि चाळीस वेळा तो सांगायचा. एकदा मोठे साहेब आले. मोटरवर हात ठेवून ते म्हणाले, "इतक्या वर्षांत एक अपघात नाही. या फोनची कमाल आहे." माझ्यावर पितळेची एक पट्टी ठोकली गेली. मी फुगलो. कमाल माझी नव्हती, भिंतीवरच्या ओळीची होती, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले नाही.

दर महिन्याला एक लाइनमन यायचे. ते माझे तोंड उघडत, पूड कागदावर काढून दिव्याच्या उबेला वाळवत, पत्रा पुसत आणि मग मला म्हणत, "बोल आता." ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी कुणी आले नाही. "फोन चालतोय की," असे कार्यालयात कुणीतरी म्हणाले. हे तीन शब्द ऐकले की आजही माझ्या पत्र्यावर काटा येतो.

वरच्या खोलीच्या खिडकीची एक काच तडकली होती. ती बदलायच्या कामांच्या यादीत होती आणि यादी फायलीत होती. त्या फटीतून धुके थेट माझ्या तोंडावर येई. माझा आवाज खरखरू लागला. घुम्या पेन्सिलीने माझ्यावर टकटक करायचा, पूड थोडी मोकळी व्हायची आणि तेवढ्यावर दिवस निघायचा. रोज मरे त्याला कोण रडे.

भिंतीवरचा रंगही उडत चालला होता. "दोर मोकळा आहे, सोडा" याचे आधी "मोकळा, सोड" झाले, मग नुसते "सोड" झाले. परत म्हणणे तर केव्हाच बंद पडले. सख्ख्या बहीणभावांनी एकमेकांची परीक्षा काय घ्यायची, असे त्यांना वाटले असावे.

मग ती भानगड झाली. घुम्याला एकुलती एक मुलगी होती. लहानपणापासून कुठेही सरसर चढायची, म्हणून तिचे नाव खार पडले होते. ती यंत्रदुरुस्ती शिकून परत आली. खांबांवरच्या चाकांना वंगण घालणारा माणूस त्याच सुमारास काम सोडून गेला होता. अक्काने व्यवस्थापकाजवळ शब्द टाकला आणि खारीला ते काम मिळाले. घुम्याला हे कळले ते मुलगी कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधून दारात उभी राहिली तेव्हा. त्याने माझे हँडल असे फिरवले की मला वाटले आता ते हातात येणार.

"अक्का, तू माझ्या पोरीला दोरावर चढवलंस?"

"चढवलं कसलं? शिकून आलीय ती. तिनंच मला विचारलं."

"मला विचारायचं नव्हतंस का?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"म्हणून विचारलं नाहीस."

"हो. म्हणून."

त्याने रिसीव्हर ठेवून दिला. "बाबा, पट्टा आहे ना कमरेला. काही होत नाही," असे म्हणत मुलगी बाहेर पडली. तो खिडकीत उभा राहिला आणि ती सातही खांब करून परत येईपर्यंत तिथून हलला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने बहिणीशी अबोला धरला. अक्काने विचारले, "दोर मोकळा आहे का?" वरून उत्तर आले नाही. फक्त त्याचा श्वास, खुर्चीची कुरकुर आणि एक कोरडा खोकला. अक्का थोडी थांबली आणि म्हणाली, "बस फुगून. सोडते मी." दोर खरोखरच मोकळा होता, त्यामुळे काही बिघडले नाही. असे चारसहा दिवस झाले आणि बघता बघता त्याचाच नियम झाला. दोर मोकळा असला की घुम्या गप्प, नसला की एकच शब्द, "थांब."

अक्का हे कारखान्यात सगळ्यांना सांगायची. "माझ्यावर रुसलाय, पण त्यातही शिस्त आहे बघा. हो म्हणायचं असलं की मूग गिळून बसतो." माणसे हसायची. मला हसू येत नव्हते. जो होकार आवाजाशिवाय येतो तो माझ्याकडून येतो की माझ्या मुकेपणातून, हे ओळखायचे कसे? मी ओरडून विचारले असते, पण मला स्वतःचे असे बोलता येत नाही. दुसऱ्याचे बोलणे पोचवायचे तेवढे मला येते.

एक सांगतो. विचारून झाल्यावरही अक्का रिसीव्हर लगेच ठेवत नसे. कानाशी धरून ती त्याचा खोकला ऐकत बसे. "वाढलाय याचा खोकला. मफलर बांधत नसणार," असे पुटपुटे. तिला भावाचा फार लळा होता. आपले चुकले असे तिला वाटत नव्हते, पण तो बोलत नाही याने ती आतून पोखरली जात होती.

त्यानंतर तीन आठवडे धुके हटले नाही. धुक्यात खांबांवर कुणी चढत नव्हते, त्यामुळे घुम्याला "थांब" म्हणायचीही वेळ आली नाही. तो बोलतच नव्हता, म्हणून पेन्सिलीने टकटक करायचीही त्याला गरज पडेना. माझ्या तोंडातली पूड निवांत ओल पीत राहिली. आधी खुर्चीची कुरकुर तारेतून जाईनाशी झाली. मग श्वास गेला. शेवटी खोकलाही पोचेना. वर तो खोकतच होता, खाली ऐकू येत नव्हते. अक्का रिसीव्हर ठेवताना समाधानाने म्हणाली, "बरं झालं बाई, खोकला गेला."

तो दिवस सकाळपासून स्वच्छ होता. खार चौथ्या खांबावर चढली आणि तिने खांबाला लाल फडके बांधले. ती वर आहे तोवर दोर बंद ठेवायचा, असे ठरलेले होते. दुपारच्या भोंग्यापर्यंत तिचे काम संपायचे होते. पण चाकाचा एक बोल्ट अडकला. तिने घुम्याच्या खिडकीकडे बघून दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले. अजून झाले नाही, अशी ती खूण होती. घुम्याने हात हलवून बरे म्हटले.

भोंगा झाला. खाली फरशा कापणारे दगडाची वाट बघत होते. अक्काने हँडल फिरवले.

"दोर मोकळा आहे का?"

घुम्याने रिसीव्हर उचलला. एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताने पाना ओढणारी आपली मुलगी त्याला खिडकीतून दिसत होती. तो थोडा वेळ बघत राहिला. मग त्याचा चेहरा सैल झाला आणि इतक्या दिवसांनी तो बहिणीशी बोलला. एक शब्द नव्हे, पूर्ण बोलला.

"अक्का, थांब. खार अजून चौथ्या खांबावर आहे, बोल्ट अडकलाय. तिचं झालं की मीच घंटा देतो." आणि जरा थांबून म्हणाला, "पोरगी काम चांगलं करते गं. तुझं बरोबर होतं."

मित्रांनो, ते सगळे माझ्या तोंडात शिरले आणि तिथेच राहिले. पत्रा थरथरला, पण मागचा गोळा हलला नाही. मी जीव तोडून प्रयत्न केला असे म्हणायला मला आवडले असते. पण टेलिफोनला प्रयत्न करता येत नाही. तो चालतो किंवा चालत नाही.

खाली अक्काने नेहमीइतकी वाट पाहिली. काही आले नाही. म्हणजे मोकळा.

"बरं. सोडते," ती म्हणाली.

हे मात्र वर लख्ख ऐकू गेले. माझे कान शाबूत होते ना! घुम्या ओरडला, "नको! अक्का, नको!" तेही मी गिळले. खाली रिसीव्हर ठेवल्याचा आवाज झाला आणि वर खिडकीबाहेर दोर सरकू लागला. घुम्याने माझ्या हँडलवर झडप घातली आणि ते वेड्यासारखे फिरवले. खाली घंटा घणाणली, तेव्हा अक्काने दचकून दांडा मागे ओढला.

चार आकडे मोजायला लागतात तेवढाच वेळ दोर चालला होता. खार खाली पडली नाही, पट्ट्याने तिला धरून ठेवले. पण तिचा डावा हात दोर आणि चाक यांच्या मधे होता. ती किंचाळली असेल, पण मी ते ऐकले नाही. चौथ्या खांबावर मला तोंडही नव्हते आणि कानही नव्हता, तिथून माझी तार नुसतीच जात होती.

"काय झालं? अरे, बोल ना. आता तरी बोल," असे अक्का माझ्यात पुन्हा पुन्हा म्हणत होती. वर रिसीव्हर लोंबत होता. घुम्या खांबाकडे धावत सुटला होता.

खारीची दोन बोटे गेली. चौकशीसाठी म्हाताऱ्या लाइनमनना घरून बोलावून आणले. त्यांनी माझे वरचे तोंड उघडून हातावर उपडे केले, तेव्हा ओल्या पुडीची एक काळी टिकली तळव्यावर पडली. अक्का त्या टिकलीकडे बघत राहिली. "मला वाटलं, त्याचा खोकला गेला," एवढेच ती म्हणाली.

घुम्या त्या दिवशी काय बोलला होता ते त्याने चौकशीत सांगितले. पहिले वाक्य सांगितले. शेवटचे त्याने बहिणीला पुढे कधी सांगितले की नाही, मला ठाऊक नाही. मी ते अजून विसरलेलो नाही.

मला काढले. माझी खालची पेटी पितळेच्या पट्टीसकट मोटरच्या खोलीतल्या कपाटावर ठेवली आहे. माझ्या जागी नवे यंत्र आले आहे. त्याला हातही लावावा लागत नाही, समोर बसून नुसते बोलले की झाले. त्यावर एक हिरवा दिवा आहे. दिवा असेल तर यंत्र ठीक, असे सगळे समजतात. अक्का आणि घुम्या आता घरीच असतात. तो काही बोलला की ती ते परत म्हणून दाखवते, असे ऐकतो. मोटरवर खार बसते. तिने भिंतीवरची ओळ स्वतःच्या हाताने पुन्हा लाल रंगवली आहे. वरचा नवा माणूस कधी वैतागून म्हणतो, "ताई, रोज तेच तेच काय?" ती वाद घालत नाही. आपले शब्द पूर्ण परत येईपर्यंत दांड्याला हात लावत नाही, इतकेच.

मित्रांनो, तुम्हीही दूरदूर बसून एकत्र काम करत असाल. तुमची यंत्रे माझ्याहून हुशार असतील. ती पुसा, तपासा, त्यांची खरखर कानाआड करू नका. आणि समोरचा गप्प असला तर तो हो म्हणाला असे धरून चालू नका. तो कदाचित जिवाच्या आकांताने ओरडत असेल.

हे आजच सांगायचे कारण म्हणजे काल खारीची सुट्टी होती. तिच्या जागी दुसरा माणूस बसला होता. त्याने मान वर न करता विचारले, "मोकळा का?" वरून उत्तर आले नाही. त्याने हिरव्या दिव्याकडे पाहिले, थोडे थांबला आणि दांडा पुढे ढकलला. दोर सुरू झाला, पाळणे आले, दगड उतरला. काहीही झाले नाही.

काहीही झाले नाही, म्हणून तो उद्याही तसेच करील.